बाळ चालायला लागलं, आता घर कसं लावायचं?

पहिला वाढदिवस होतो, आठवड्याभरात फुगे खाली बसतात आणि घरात तीन तक्रारी सुरू होतात. एक, हा हल्ली काही खातच नाही. दोन, याला 'नको' म्हटलेलं कळतच नाही. तीन, जरा पाठ वळली की कुठेतरी काहीतरी उचकलेलं असतं. डॉक्टरांकडे, आजीकडे, सोसायटीच्या बाकावर, सगळीकडे हेच विषय. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे: वर्षभरात मूल बदललं, घराची मांडणी आणि आपल्या अपेक्षा मात्र तान्ह्या बाळाच्याच राहिल्या.

एक ते तीन वर्षांच्या या वयाला इंग्रजीत टॉडलर म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही, म्हणून इथे 'चालतं मूल' म्हणू.

पाय आले, ब्रेक यायचाय

आधाराशिवाय चालणं साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यात कधीही येतं. शेजारची पोर दहाव्या महिन्यात चालली आणि आपली पंधराव्यात, यात काळजीचं काही नाही. अठरा महिने उलटूनही चालत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

पण स्वतःला आवरणं ही वेगळी गोष्ट आहे. ते काम कपाळामागच्या मेंदूचं, आणि तो भाग पिकायला विशी उलटावी लागते. अशी स्कूटर डोळ्यांसमोर आणा जिचा अ‍ॅक्सिलरेटर पहिल्या दिवसापासून चालू आहे आणि ब्रेक पंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी मिळणार आहे. चालतं मूल म्हणजे ही स्कूटर.

म्हणून एक दृश्य घरोघरी दिसतं. मूल प्लगच्या भोकाकडे जातं, वळून आईकडे बघतं, स्वतःच मान हलवत 'नाई नाई' म्हणतं आणि बोट घालतं. बघणाऱ्याला वाटतं, काय डांबरट आहे! प्रत्यक्षात त्याला नियम पाठ झालेला आहे, हात थांबवणारी यंत्रणा अजून बसलेली नाही. अशा मुलावर दिवसातून शंभर वेळा ओरडण्यापेक्षा प्लगवर दहा-वीस रुपयांचं झाकण बसवणं स्वस्त पडतं. तयारी मुलाची करायची नसते, घराची करायची असते.

'खातच नाही' याचं गणित

तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ-साडेनऊ किलोचं होतं. म्हणजे एका वर्षात सहा किलोंची भर, उंचीतही साधारण २५ सेंटिमीटर. दुसऱ्या वर्षी वजन वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो आणि उंची बारा सेंटिमीटरच्या आसपास. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला की भूकही खाली येणारच. लग्नघरातला स्वयंपाक आणि पाहुणे गेल्यानंतरचा स्वयंपाक यांची तुलना करून 'या घरात हल्ली कोणी जेवतच नाही' असं म्हणण्यासारखं ते आहे.

गडबड होते ती पुढे. पोळी-भाजी खात नाही म्हणून निदान दूध तरी, असं करत बाटल्या वाढतात. दिवसाला लिटरभर दूध पोटात गेलं की जेवणाला जागा उरत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर ते इतर अन्नातलं लोह शोषू देत नाही. रक्त कमी झालं की भूक आणखी मरते, म्हणून आणखी दूध. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर भारतीय मुलांमागे ६७ मुलांत रक्ताची कमतरता आढळली. तिला कारणं अनेक आहेत, पण खात्यापित्या घरांत हे दूध-चक्र नेहमी सापडतं.

वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरे, तेही कपातून आणि जेवणानंतर. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवलं तर पुढचे दात किडतात. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाऊ, आणि दोहोंमध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही. बिस्किटाचा अर्धा तुकडासुद्धा नाही, कारण दहा किलोच्या पोटाला तो तुकडा म्हणजे अर्धं जेवण. ताटात मोठ्यांच्या पाव भागाइतकं वाढा, हवं तर पुन्हा मागेल. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचला. मऊ वरण-भातावर लिंबू पिळायची आपली सवय इथे फार कामाची आहे, कारण डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह लिंबामुळे नीट शोषलं जातं. उसळीचा घट्ट रस्सा, अंडं, मासे, खिमा, हळिवाची खीर, यांतलं जे घरात चालतं ते. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र बंद. चहा लोहाच्या आड येतो.

काय आणि कधी खायला द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलानं. मोबाइल दाखवून भरवलं की ही दुसरी बाजू मोडते: पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो, पण बघायला कोणी जागेवर नसतं. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, अपवाद फक्त लांबच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलचा, आणि दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे.

याच काळातली काही कामं निसटतात, कारण बाळ वर्षाचं झालं की लसीचं कार्ड कपाटात जातं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो. अ जीवनसत्त्वाचा डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लोहाचं सिरप आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत मोफत मिळतं: आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलिटर.

घर गुडघ्यांवर बघा

एका रविवारी मोठ्या माणसानं गुडघ्यांवर बसून, रांगत, घरभर फिरावं. उभ्यानं न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: लोंबणारी चार्जरची वायर, टेबलाचा टोकदार कोपरा, सिलिंडरच्या रेग्युलेटरची खटकन फिरणारी कळ, देवघरातल्या समईची वात बरोबर नाकासमोर.

सगळ्यात आधी गरम पाणी आणि गरम चहा, कारण लहान मुलांचं भाजणं बहुतेक वेळा आगीनं होत नाही, सांडण्यानं होतं. कसं, ते बघा. टेबलावर कापड, कापडावर चहाचा कप. मूल उभं राहायला आधार शोधतं आणि लोंबणारं टोक धरतं. कप डोक्याच्या उंचीवरून चेहऱ्यावर, गळ्यावर, छातीवर येतो. दहा मिनिटांपूर्वी ओतलेला चहाही त्या पातळ कातडीला पोळतो. तेव्हा टेबलावरचं कापड दोन वर्षांसाठी घडी करून ठेवा आणि मांडीवर मूल असताना हातात चहा नको. गॅसवर कढई-पातेल्याचा दांडा भिंतीकडे वळवा.

न्हाणीघरात क्रम महत्त्वाचा: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आपल्याकडे उलट करतात. वाफाळतं पाणी भरून ठेवायचं आणि मग गार पाण्याचा नळ सोडायचा. त्या अर्ध्या मिनिटात मूल वाकून हात घालतं. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं, पन्नास अंशांना तेवढ्याच इजेला काही मिनिटं लागतात. म्हणून गीझर पन्नासवर लावा. बादलीत हीटरचा रॉड टाकायची पद्धत असेल तर ती या वयापुरती तरी सोडाच. त्यात भाजणंही आहे आणि शॉकही.

भाजलंच तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांनी सगळ्यांना 'आता पुरे' वाटतं. त्वचेच्या आतली उष्णता पुढेही भाजत राहते, ती बाहेर काढायला एवढा वेळ लागतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद, किसलेला बटाटा यांतलं काहीही लावू नका. चेहरा, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, अथवा भाग मुलाच्या तळव्याहून मोठा असेल, तर पाणी घालून थेट रुग्णालयात न्या.

बादलीचा दुसरा धोका बहुतेकांच्या गावीही नसतो. या वयात डोकं शरीराच्या मानानं फार जड असतं. पाण्यात पडलेला मग घ्यायला मूल वाकतं, पोट बादलीच्या कडेवर टेकतं, डोकं आत जातं आणि पाय हवेत येतात. परत उलटं व्हायला दंडात जोर नसतो. बादली भरलेली असल्यानं कलंडतही नाही. पाच सेंटिमीटर पाणी नाक-तोंड बुडायला पुरतं. आणि आवाज होत नाही. पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात बादल्या रिकाम्या ठेवा म्हणणं सोपं आहे, करणं अवघड. तिथे पिंपाला घट्ट झाकण आणि न्हाणीघराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी. जिथे जमेल तिथे रिकामी बादली पालथी.

विषारी वस्तूंमध्ये फिनेल आणि संडासाचं अ‍ॅसिड सगळे वर ठेवतात. राहून जातात त्या वेगळ्या: डासांच्या यंत्रातली बाटली, कपाटातल्या डांबरगोळ्या, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं थिनर किंवा रॉकेल, उशीजवळची आजोबांच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची डबी. यांतली एखादी गोळीसुद्धा मुलाची साखर किंवा रक्तदाब धोकादायक पातळीला नेऊ शकते. आणि देवघरातला कापूर. खडीसाखरेसारखा दिसतो, मुलं सरळ तोंडात टाकतात. काही मिनिटांत झटके येऊ शकतात, ग्रॅमभर कापूर चालत्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. मुलानं असं काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रॉकेल उलटून वर येताना फुप्फुसात उतरतं आणि अ‍ॅसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. पाकीट किंवा बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ फ्रिजवर लिहून ठेवा, शेजारी रुग्णवाहिकेचा १०८.

नाण्यासारखी चपटी बॅटरी हा यातला सगळ्यात लबाड प्रकार. रिमोट, वजनकाटा, दिव्यांची खेळणी, दिवाळीच्या इलेक्ट्रिक पणत्या, सगळीकडे ती असते. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर लाळेतून वीज वाहू लागते, तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत भोक पडण्याइतकी इजा होऊ शकते. मूल मात्र फक्त लाळ गाळतं आणि जेवण नाकारतं. नुसती शंका आली तरी लगेच मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढायला न्या. मूल वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यानं इजेचा वेग मंदावतो. मधासाठी थांबायचं मात्र नाही.

खिडकीच्या आणि गॅलरीच्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, आडवे गज तर शिडीच. खिडकीखालचा दिवाण सरकवा. टीव्ही, पुस्तकांचं कपाट, चपलांचा उभा रॅक एल आकाराच्या पट्टीनं भिंतीला स्क्रूनं जखडा. मूल खालचे खण पायऱ्यांसारखे उघडतं आणि कपाट अंगावर येतं.

कूट चालेल, दाणा नाही

पुढचे दात आले की आपल्याला वाटतं, आता हा सगळं खाणार. पण पुढचे दात फक्त तोडतात. दळणाऱ्या दाढांची पहिली जोडी दीड वर्षाच्या आसपास येते, दुसरी दोन ते पावणेतीनच्या दरम्यान. तोपर्यंत शेंगदाणा तोडला जातो, दळला जात नाही. त्याचे अर्धुक तसेच घशाशी जातात, तेवढ्यात हसू येतं किंवा ठेच लागते, श्वास आत ओढला जातो आणि अर्धुक श्वासनलिकेत. ही नलिका मुलाच्या करंगळीएवढी असते.

म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, चिक्की, कडक गोळ्या नकोत. दाण्याचं कूट भाजीत खुशाल घाला. द्राक्षं उभी चिरून चार फोडी, कारण आडवी चिरली तरी गोल चकती उरते आणि ती बुचासारखी बसते. गाजर वाफवून किंवा किसून. सीताफळाच्या आणि चिकूच्या बिया, चिंचोके, जांभळाच्या बिया आधी काढा. खाताना मूल बसलेलं असावं. मागे ताट घेऊन धावत भरवणं ही या बाबतीत सगळ्यात वाईट पद्धत.

अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. खोकल्याहून चांगला उपाय तुमच्या हातात नाही. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर मूल पुढे झुकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच ठोसे. निघालं नाही तर मागून मिठी घालून, मूठ बेंबीच्या वर ठेवून आत आणि वर असे पाच झटके. पुन्हा पाच, पुन्हा पाच. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत, छातीवर दाब द्यायचा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन आणि छातीवर दाब. आधी ठसका लागला, मग मूल बरं दिसलं आणि खोकला मात्र दिवसभर राहिला, तरी दाखवायला न्या. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे 'दाणा खाताना ठसका लागला होता' हे डॉक्टरांना सांगावंच लागतं.

आकांडतांडव

दीड ते तीन या वयात मूल बाजारात जमिनीवर लोळतं, कारण समज खूप आणि शब्द थोडे असतात. त्यात भूक, झोप किंवा चालू खेळ अचानक मोडणं, यांतलं एक जवळजवळ नेहमी असतं. दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. दुपारच्या झोपेच्या वेळी लग्नाला नेलं तर तमाशा होणार हे आधीच धरून चला.

लोळण सुरू असताना समजावणं वाया जातं, तेव्हा ऐकणारा मेंदू बंद असतो. डोकं आपटणार नाही एवढं बघा, जवळ बसा, थोडंच बोला, शांत झाल्यावर जवळ घ्या. आणि ज्यावरून लोळण झाली ते देऊ नका. पाच वेळा 'नाही' आणि सहाव्यांदा 'बरं घे' म्हटलं की मूल शिकतं ते एवढंच: सहा वेळा रडायचं. आजीचा नियम वेगळा आणि आईचा वेगळा असेल तर मूल सरळ आजीकडे जातं, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून चार-पाचच पक्के 'नाही' ठरवा (गॅस, रस्ता, गॅलरी, चावणं), बाकीचं सोडून द्या. 'शर्ट घाल' पेक्षा 'लाल घालतोस की निळा?' जास्त चालतं.

काही मुलं रडता रडता श्वास धरतात, निळी पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. बघणाऱ्याचे हातपाय गळतात, पण बहुधा मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासा. लोहाची कमतरता भरून काढली की पुष्कळांचं हे कमी होतं.

'आम्ही चार वाढवली, काही झालं नाही'

हा आक्षेप येतोच आणि तो खोटा नसतो. पण ती चार वाढली बैठ्या घरात, अंगणात, दहा डोळ्यांसमोर. आजचं घर सातव्या मजल्यावर आहे, दुपारी त्यात एकच मोठं माणूस असतं आणि नाण्याएवढ्या बॅटऱ्या तेव्हा अशा घरभर नव्हत्या. शिवाय ज्यांच्या घरी काही झालं, ते अशा गप्पांत बोलत नाहीत.

'आमचं लक्ष असतं' हाही एक. लक्ष असतंच. पण दाराची बेल वाजते, दूध उतू जातं, फोन येतो. बादलीला तेवढाच वेळ लागतो.

'पडल्याशिवाय शिकणार कसं?' बरोबर, पडू द्या. गुडघा फुटण्याइतकं पडणं शिकवतं, गॅलरीतून पडणं काही शिकवत नाही. म्हणून घरातली एक खोली किंवा निदान एक कोपरा असा करा जिथे काहीच अडवावं लागत नाही: खाली सतरंजी, दोन पातेली, डाव, उशांचा ढीग. स्वयंपाकघरातला एक खालचा खण स्टीलच्या डब्यांसाठी त्याला देऊन टाका. त्याला तो आपटता आला की बाकीच्या खणांवरचा जीव जरा कमी होतो.

आणि वॉकर. चालायला लवकर येईल म्हणून आत्या-मावशी प्रेमानं आणतात. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं, आणि जिना किंवा उंबरठा आला की चाकं थांबत नाहीत. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. ढकलत न्यायची लाकडी गाडी चांगली, तिचा वेग मुलाच्या पायांच्या ताब्यात राहतो.

दुचाकीवर

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालवणाऱ्याच्या अंगाला मुलाला बांधणारा पट्टा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पुढे टाकीवर उभं केलेलं मूल ब्रेक लागताच हँडलवर आपटतं. दोघांच्या मध्ये बसवलं तरी पट्टा हवाच, कारण मूल झोपी जातं आणि झोपलेलं अंग कडेला सरकतं.

दोन खुणा

या सगळ्या व्यवस्थेची मुदत तीन महिने असते. वर्षाचं मूल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, दोन वर्षांचं ८६ च्या आसपास, आणि स्वयंपाकाचा ओटाही जवळपास तेवढाच. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मुलाची उंची मांडायची पद्धत अनेक घरांत आहे. त्याच वेळी त्याला चवड्यांवर उभं करून हात वर करायला लावा आणि बोटांच्या टोकाशी दुसरी खूण करा. घातक वस्तू त्या दुसऱ्या खुणेच्या वर हव्यात. मग घरातलं सगळ्यात उंच स्टूल चौकटीशी लावून बघा आणि तेवढी उंची त्यात मिळवा, कारण स्टूल ओढत न्यायला ते पुढच्या महिन्यात शिकणार आहे.